दोन गाठींचा रुमाल

ज्या दिवशी मला फळीवरून उतरवून जाळीच्या कपाटात, जुन्या स्वेटरांच्या खाली ठेवलं गेलं, तो दिवस तसा अगदी साधा होता. मे महिना होता. खिडकीच्या गजाला हात लागला तर चटका बसावा, असं ऊन होतं. नाना सकाळीच कलिंगड घेऊन आले होते. त्यांची मुलगी कमलिनी पुण्याहून आठ दिवसांसाठी आलेली होती. दुपारी जेवताना बापलेकीत बोलणं झालं ते एवढंच, की कलिंगड दिसायला लाल आहे पण गोड नाही. रात्री दोघं आपापल्या खाटेवर निजली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना उठलेच नाहीत.

मित्रांनो, मी कोण ते आधी सांगतो. रुमाल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे खिशातली इवलीशी घडी येईल. तो माझा धाकटा नातेवाईक. मी लाल खारव्याचा, म्हणजे जाड सुती कापडाचा, सव्वा गज लांब आणि तेवढाच रुंद, कागदपत्रं बांधून ठेवायचा रुमाल आहे. जुन्या मराठी दफ्तरांत कागदांच्या गठ्ठ्यालाच रुमाल म्हणत. झाशीच्या कचेरीत मला बस्ता म्हणायचे. पण नानांच्या घरी, जिथे दोनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या पूर्वजांचे शब्द अजून वापरात होते, तिथे मी रुमालच राहिलो. दोन्ही नावांना मी ओ देतो.

मला विणलं एरचला, बेतवा नदीच्या काठी. रंगवून, वाळवून, चारी कडांना दुहेरी दुमड घालून मी बैलगाडीतून आणि मग रेल्वेने झाशीला आलो. ते साल एकोणीसशे सदुसष्ट. योगायोग असा, की त्याच महिन्यात नीलकंठ दिवाकर पिंगळे नावाचा बावीस वर्षांचा तरुण कचेरीच्या अभिलेखागारात, म्हणजे जुन्या कागदांच्या खोलीत, नोकरीला लागला. हुद्दा होता बस्ताबरदार. बस्ते उचलायचे, मागेल त्याला आणून द्यायचे आणि काम झालं की परत जागेवर ठेवायचे, एवढंच त्याचं काम. हेच आपले नाना.

ती खोली आगगाडीच्या तीन डब्यांएवढी लांब होती. छतापर्यंत लाकडी घोडे, त्यांत खण, खणाखणात माझ्यासारखे हजारो. सगळे लाल, सगळे सारखे. नवख्या माणसाला वाटे, यात काही सापडणं शक्य नाही. नानांना सापडे. एकदा वरच्या साहेबांनी छत्तीस वर्षांपूर्वीचा एक निवाडा मागवला. नाना शिडीवर चढले, उतरले, आणि साहेबांचा चहा निवायच्या आत कागद टेबलावर होता.

"पिंगलेजी, आप आदमी हैं या सूचीपत्र?" साहेबांनी विचारलं.

"आदमी हूँ, हुज़ूर. सूचीपत्र बस्ते में है," नाना म्हणाले.

ते काही विनयाने बोलले नव्हते. खरंच तसं होतं. माझ्या पोटात सगळ्यात वर एक कागद असे, त्याला फेरिस्त म्हणत. आत काय काय आहे ते त्यावर लिहिलेलं असे. आणि माझ्या गाठीला एक चिठ्ठी लोंबत असे, तिच्यावर मात्र आत काय आहे ते नसे. तिच्यावर माझा पत्ता असे. 'पू-३-२'. म्हणजे पूर्वेची भिंत, तिसरा घोडा, दुसरा खण. का, ते नाना नव्या लोकांना समजावून सांगत: "अरे, काढायला सगळ्यांना येतं. घाई असते ना! ठेवताना कुणाला घाई नसते, तेव्हाच चूक होते. म्हणून चिठ्ठी ठेवणाऱ्यासाठी असते."

खोलीत हरप्रसाद नावाचे एक वयस्क शिपाई होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. पत्ता तोंडी सांगितला की घोडे आणि खण मोजून ते बरोबर पोचत, पण हा रुमाल जमिनीचा की विहिरींचा, हे त्यांना कळत नसे. नानांनी मग चिठ्ठ्यांच्या मागे चित्रं काढायला घेतली. त्या दिवशी शनिवार होता आणि सात वर्षांची कमलिनी वडिलांबरोबर कचेरीत आली होती. रंगीत पेन्सिली तिच्याच होत्या. नानांनी विहिरींच्या रुमालासाठी, म्हणजे माझ्यासाठी, एक छान गोल काढला, त्यात आणखी एक गोल काढला आणि चिठ्ठी हरप्रसादांपुढे धरली.

"जौ का आय, भैया?" हे काय आहे, असं नानांनी बुंदेलीत विचारलं.

हरप्रसादांनी चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली. "रोटी आय."

कमलिनी खो खो हसली. "रोटी नहीं काका, कुआँ है!"

"हमें तो रोटी दिखात," हरप्रसाद शांतपणे म्हणाले. "तुमाओ कुआँ हुइये."

नाना हसले नाहीत. त्यांनी पोरीला गप्प केलं आणि म्हणाले, "कमल, त्यांना शिकवायचं नाही. चित्र आपलं चुकलंय, त्यांचे डोळे नाहीत." त्यांनी गोलावर दोन खांब उभे केले, मध्ये रहाट टांगला, दोर सोडला. पुन्हा चिठ्ठी पुढे धरली आणि तोंड मिटून बसले.

"हओ," हरप्रसाद म्हणाले, "अब कुआँ भओ. पानी भी मीठो हुइये."

जमिनीसाठी नांगर जमला पहिल्याच खेपेला. निकाल लागलेल्या दाव्यांसाठी नानांनी कुलूप काढलं, त्याला हरप्रसाद थैली म्हणाले. मग किल्ली काढली तेव्हा ते कुलूप झालं. संध्याकाळपर्यंत अकरा चित्रं झाली. कमलिनी प्रत्येक चित्र नेऊन दाखवी आणि ओठ दाताखाली धरून उत्तराची वाट पाही. हे मी पाहिलं आहे. मी त्या टेबलावरच होतो.

मित्रांनो, तुम्ही संगणकाच्या पडद्यावर घर पाहता आणि तुम्हाला कळतं की इथून आरंभाच्या पानावर जायचं. भिंग पाहता आणि कळतं की इथे शोधायचं. तुम्हाला वाटतं, हे किती सोपं! ते सोपं असतं, कारण कुणीतरी आधी ते चित्र एखाद्या हरप्रसादांपुढे धरून गप्प बसलेलं असतं.

आमच्या खोलीत संगणक आला तो दोन हजार एक साली. पांढरी चादर पांघरून तो महिनाभर कोपऱ्यात होता. मग त्याचा ऑपरेटर आला. म्हातारे कारकून भोवती उभे राहिले, सगळ्यात पुढे नाना. आता त्यांचे केस पांढरे झाले होते.

"पिंगलेजी, इस पीले वाले पर दो बार दबाइए," ऑपरेटर म्हणाला.

नानांनी पडद्याकडे निरखून पाहिलं. "यह है क्या? लिफ़ाफ़ा?"

"फोल्डर है जी."

"और फोल्डर क्या होता है?"

ऑपरेटरने डोकं खाजवलं. ते पिवळं, कानाला टोक काढलेलं जाड कागदाचं पाकीट दूरच्या देशातल्या कचेऱ्यांत असतं म्हणे. झाशीत ते कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे ते चित्र आम्हाला रोटीच होतं. शेवटी तो म्हणाला, "अरे, बस्ता समझ लीजिए."

"तो बस्ता कहिए ना, भैया!" नाना म्हणाले. "और दो बार क्यों?"

"ऐसे ही होता है."

"ऐसे ही कैसे?" नानांनी घोड्यावरून मला ओढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. माझी चार टोकं समोरासमोर बांधतात, त्यामुळे मला गाठी दोन. "देखिए, दो गाँठें हैं. एक खोलने से बस्ता खुलता है क्या?"

आठवडाभरात सगळी कचेरी टकटक करून दोन गाठी सोडायला शिकली. ऑपरेटरला ज्याला 'डबल क्लिक' म्हणायचं होतं, त्याला आमच्याकडे 'गाँठ खोलना' हेच नाव पडलं. मला त्या दिवशी किती अभिमान वाटला म्हणून सांगू! पडद्यावर तसबीर दुसऱ्याची होती, पण ओळख माझी लागली. आणि नुसत्या गाठीच नव्हेत. त्या यंत्रात एका बस्त्यात दुसरा बस्ता ठेवता येई, आमच्या खोलीत खणात बस्ता आणि बस्त्यात जुडी असे तसा. आपण कुठे उभे आहोत ते वरच्या पट्टीवर लिहिलेलं असे, चिठ्ठीवर असे तसं. आल्या वाटेने परत जाता येई. टाकलेला कागद लगेच नाहीसा न होता रद्दीच्या टोपलीत वाट पाहत असे. आमच्याकडेही रद्दी साहेबांची सही होईपर्यंत वेगळ्या घोड्यावर थांबतच असे. नाना म्हणत, "यात नवीन फक्त वीज आहे." थोडी बढाई होती, पण फार खोटी नव्हती.

चार वर्षांनी नाना निवृत्त झाले. त्याच सुमारास जुने बस्ते मोडीत काढायचं ठरलं. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी हार, शाल, नारळ दिला, आणि साहेबांच्या परवानगीने मला दिलं. नगरा वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरी मी नानांच्या काखेतून आलो.

कमलिनीने तोवर पुण्यात नाव कमावलं होतं. तिचं काम काय, हे नाना शेजाऱ्यांना असं सांगत: "पडद्यावरची चित्रं काढते. लोकांना न विचारता कळली पाहिजेत अशी." तिने आपला जुना संगणक वडिलांना आणून दिला. एकदा तिला मोठा सन्मान मिळाला, त्याची चित्रफीत तिने पाठवली. नानांनी ती माझ्या शेजारी बसून दोनदा पाहिली. मंचावर तिला कुणीतरी विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" तिने चार पुस्तकांची नावं घेतली. मोठी नावं होती ती, आणि तिने ती वाचलेलीही होती. मग प्रश्न आला, "घरी कुणी या क्षेत्रात?" ती म्हणाली, "नाही, वडील सरकारी नोकरीत होते." शाळेच्या अर्जावरही ती असंच लिही, बस्ताबरदार हा शब्द तिने कधी कुठे लिहिला नाही, उच्चारला नाही.

"छान बोलली," नाना म्हणाले. आणि माझी सैल झालेली गाठ त्यांनी पुन्हा घट्ट केली.

निवृत्तीनंतर नानांनी एकच मोठं काम केलं. इथल्या मराठी मंडळाकडे जन्माच्या आणि लग्नाच्या नोंदींच्या जुन्या वह्या होत्या. वाळवी लागली होती त्यांना. वहीचं पान उलटलं की चुरा पडे. नानांनी एकेक पान उन्हात धरून त्याचा फोटो काढला. तीन हजार आठशे पानं. वह्यांचं पुढे काहीच उरलं नाही. फोटो तेवढे नानांच्या संगणकात राहिले. त्यांचे त्यांनी चौऱ्याऐंशी बस्ते केले आणि पडद्यावर मांडले, अगदी आमच्या खोलीसारखे. पडद्याची वरची बाजू उत्तर, खालची दक्षिण, उजवी पूर्व, डावी पश्चिम. प्रत्येक बस्त्याला नाव म्हणून त्याचा पत्ता: 'पू-१-४', 'द-२-१'. आत काय आहे ते? ते फेरिस्तीत. आणि फेरिस्त, नानांच्या वळणदार अक्षरातली, माझ्या पोटात. संगणकाच्या वरच्या फळीवर माझी जागा होती. कुणी काही विचारायला आलं की नाना आधी माझ्या दोन गाठी सोडत, बोट फिरवत, मला पुन्हा बांधत, आणि मग पडद्यावरच्या दोन गाठी सोडत.

आता त्या साध्या दिवसाकडे येतो.

सकाळी प्रेम नगरहून गोदूबाई आल्या होत्या. त्यांचे यजमान तानाजीराव फौजेत हवालदार होते. बबीन्याच्या छावणीत बदली झाली, इथेच लग्न झालं, मग इकडेच राहिले. आता ते नव्हते. गोदूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. फौजेच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया ठरली होती, पण कागदोपत्री बायकोचं नाव भलतंच पडलं होतं. लग्नाची नोंद पंधरा जूनच्या आत दाखवली तरच दवाखान्याचं कार्ड होणार होतं.

"भैया, माझं लग्न झालं होतं, हे आता मला सिद्ध करायचंय बघा," त्या खाटेवर टेकत म्हणाल्या. "पाच पोरं काढली, ती काय हवेतून?"

"पोरांना कागद लागत नाही, वहिनी. कार्डाला लागतो," नाना हसून म्हणाले. "चौसष्ट साल ना? आहे माझ्याकडे. पण आत्ता लाइट गेलीय. उद्या या, दोन मिनिटांचं काम आहे."

दुपारी लाइट आली तेव्हा नाना झोपले होते. कमलिनीने संगणक लावला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. चौऱ्याऐंशी बस्ते पडद्याच्या चारी कडांना चिकटलेले, मधे मैदान रिकामं, आणि नावं ही अशी. वडिलांना किती त्रास होत असेल, असं तिच्या मनात आलं. हे तिचंच तर काम होतं. तिने पाच मोठे बस्ते केले. 'पू' म्हणजे पूजा असणार, म्हणून ते सगळे 'धार्मिक'मध्ये. 'प' म्हणजे पत्रं, ते 'पत्रव्यवहार'मध्ये. 'उ' म्हणजे उत्सव. 'द' म्हणजे दवाखाना. फोटो आतले पाहिले तिने एकदोन, पण ते मोडी लिपीत होते. ती मोडी शिकली नव्हती. पाचव्याला तिने 'इतर' नाव दिलं आणि तो रिकामाच राहिला, याचंही तिला नवल वाटलं नाही. मग तिने फळी पुसली, मला झटकलं, "केवढी धूळ खाल्लीय याने," म्हणाली, आणि मला जाळीच्या कपाटात ठेवून फळीवर मनीप्लांटची बाटली ठेवली.

संध्याकाळी नाना पडद्यासमोर बसले. कपाटाच्या जाळीतून मला त्यांची पाठ दिसत होती. ते बराच वेळ काही न करता बसले. मान वर करून त्यांनी फळीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं.

"कमल, तू आवरलंस?"

"हो नाना! आता बघा, विषयवार लावलंय. तुम्हाला शोधायला नको."

"छान केलंस हो," नाना म्हणाले, आणि संगणक बंद केला.

मी कपाटात ओरडावं म्हणून चार टोकांनी धडपडलो असेन, पण कापडाला आवाज नसतो.

तेराव्यापर्यंत घरात माणसांची ये-जा होती. चौदाव्या दिवशी गोदूबाई आल्या. त्यांनी नोंदीचा विषय काढला नाही; कमलिनीनेच काढला. "मावशी, नाना म्हणाले होते, दोन मिनिटांचं काम आहे. मी शोधते."

ती चार दिवस शोधत होती. शोधायच्या चौकटीत तिने 'गोदावरी' लिहून पाहिलं, 'तानाजी' लिहिलं, '१९६४' लिहिलं. फोटोला अक्षरं कळत नाहीत. यंत्र म्हणे, काही सापडलं नाही. मग ती एकेक पान उघडू लागली. मोडीच्या ओळी डोळ्यांपुढून जात आणि त्यांतली कोणती गोदूबाईंची, हे तिला कळत नसे. मोडी जाणणारं झाशीत आता कुणी उरलं नव्हतं. जून उजाडला. 'धार्मिक'मध्ये पूजा नव्हती आणि 'दवाखाना'मध्ये दवाखाना नव्हता, हे तिला कळलं. पण मग काय होतं, ते कळेना. त्या संध्याकाळी नाना न बोलता का बसले होते, हे मात्र तिला आता कळलं होतं. तिने जेवणाचं ताट तसंच सारून ठेवलं.

पाचव्या दिवशी गोदूबाई पुन्हा आल्या. चाचपडत खुर्चीत बसल्या आणि कान देऊन राहिल्या.

"बिटिया, तू नुसतंच टकटक करतेस. आधी ते नाही करत?"

"काय, मावशी?"

"भैया करायचे ते. मला दिसत नाही, पण ऐकू येतं की. आधी कापडाचा आवाज यायचा, फरफर असा. मग कागद. मग पुन्हा कापड. मग टकटक." त्यांनी हवेत दोन हात समोरासमोर नेऊन गाठ बांधल्यासारखं केलं. "कापड कुठाय ते?"

कमलिनी उठली. जाळीचं कपाट उघडलं, स्वेटर बाजूला झाले, आणि मी उजेडात आलो. तिची बोटं माझ्या गाठीवर क्षणभर थांबली. मग तिने पहिली गाठ सोडली, दुसरी सोडली.

फेरिस्तीच्या माथ्यावर नानांनी चौकोन काढून त्याच्या चार बाजूंना लिहिलं होतं: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम.

"पूर्व," कमलिनी म्हणाली. "अरे देवा. पूर्व."

"काय झालं गं?"

"काही नाही मावशी. मी विहिरीला रोटी म्हणाले."

गोदूबाईंना ते कळलं नाही. पण कमलिनीचं बोट आता झरझर खाली चाललं होतं. लग्नं, सन एकोणीसशे साठ ते पासष्ट: पश्चिम, दुसरी रांग, चौथा खण. पान एकतीस, तिसरी नोंद. आणि पुढे, मोडीतलं जसंच्या तसं देवनागरीत उतरून काढलेलं: 'तानाजी वल्द कृष्णाजी, फौजी, यांसी गोदावरी बिन्त बाळाजी...' तिने 'पत्रव्यवहार' उघडला, 'प-२-४' उघडला, एकतिसावं पान उघडलं. तिसरी नोंद तिथे होती. तिला ती वाचता येत नव्हती, तरी कुठली ओळ कोणाची, हे आता तिला ठाऊक होतं.

"वाच ना, काय लिहिलंय?" गोदूबाई म्हणाल्या.

तिने नानांच्या उताऱ्यातून वाचलं. भटजींनी शेवटी शेरा मारला होता: 'वर एक प्रहर उशिरा आला.'

"आलाच होता मेला उशिरा!" गोदूबाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. "रजाच मिळाली नव्हती हो त्यांना."

त्या गेल्यावर कमलिनीने एक काम केलं, ते सांगताना माझा ऊर भरून येतो. तिने तिचे पाच मोठे बस्ते मोडले आणि चौऱ्याऐंशी बस्ते एकेक करून उचलून परत जागेवर नेले. तिला काही आठवावं लागलं नाही, कुणाला विचारावं लागलं नाही. 'उ-१-३', वरच्या कडेला. 'द-२-५', खाली. प्रत्येकाच्या नावातच त्याचं घर लिहिलेलं होतं. माणूस गेला, तरी त्याची खोली तासाभरात पुन्हा उभी राहिली. चिठ्ठी ठेवणाऱ्यासाठी असते म्हणतात, ती अशी.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. रंग विटला, एक कड उसवली. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. घरातल्या मोठ्या माणसाचा पसारा आवरायला जाल, तेव्हा कापडाला किंवा यंत्राला हात लावण्याआधी त्याला विचारा, "हे इथे का ठेवलंय?" पुष्कळदा त्याचं उत्तर असतं. आणि तुम्ही दुसऱ्यांसाठी काही बनवाल, एखादं चित्र, एखादी पाटी, तर ती समोर धरून जरा गप्प बसा. समोरचा रोटी म्हणाला, तर हसू नका.

नोंदीचा फोटो आणि नानांनी केलेला उतारा माझ्यात बांधून, गोदूबाईंचा हात धरून, बारा जूनला कमलिनी नोटरीकडे गेली. मोडी कुणी वाचली, नोंद कुणी जपली, याचं शपथपत्र हवं होतं. झाडाखाली टेबलं मांडलेली, टाइपरायटरचा खडखडाट, सगळीकडे माणसं.

"पढ़ने वाले का नाम?" टाइप करणाऱ्याने विचारलं.

"नीलकंठ दिवाकर पिंगळे."

"आपके कौन?"

"पिताजी."

"पद? रिटायर्ड सरकारी कर्मचारी लिख दूँ? सब यही लिखवाते हैं."

तिचा हात माझ्यावर होता आणि मला तो जड लागला.

"नहीं," ती म्हणाली. "बस्ताबरदार लिखिए."

"क्या बरदार?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून पाहू लागले. गोदूबाईंनी तिची बाही ओढली. "काय गं, काय अडलं?"

"काही अडलं नाही, मावशी," कमलिनी म्हणाली, आणि मग पुढचं सगळ्या टेबलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "माझे वडील बस्ताबरदार होते. मला जे काम येतं ते मी कुठल्या पुस्तकात शिकले नाही, त्यांच्याकडे शिकले."